तीस टक्क्यांवरून दहावर

विद्यापीठात पीएच.डी. विभागाच्या खिडकीवर, काचेच्या आतल्या बाजूने, एक कागद चिकटवलेला होता. निळ्या स्केचपेनने लिहिलेला. 'प्रगतीची टक्केवारी मागील अहवालापेक्षा कमी टाकू नये. फॉर्म परत येतो.' पहिल्यांदा तो वाचला तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, असा कोण शहाणा असेल जो स्वतःची प्रगती कमी करून आणेल? तो शहाणा म्हणजे आपणच निघू, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आधी माझी हकिकत सांगते. मी भूगोल शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर आहे, नाही घेतला तर नाही. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, म्हणून नोंदणी केली. राहायचं अमळनेरला, शिकवायचं धुळ्याला, प्रगती दाखवायची जळगावला आणि पाणी मोजायचं चोपड्याकडच्या एका गावात, असा माझा संसार होता. सगळा एसटीच्या खिडकीशी बसून केलेला. विषय होता सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरींची पाणीपातळी. बारा विहिरी निवडल्या होत्या. मेजरिंग टेपच्या टोकाला वजन बांधायचं, विहिरीच्या काठावरून आत सोडायचं, पाण्याला टेकलं की आकडा वहीत लिहायचा. बस्स. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण मोजणारा नेटाने मोजत राहिला तर त्यातूनच जमिनीखाली काय चाललंय ते कळतं.

मोजायचा वार रविवार. तो माझ्या मार्गदर्शक सरांनी ठरवून दिला होता. 'सुटी असते, मीही रविवारीच मोजायचो,' असं ते म्हणाले आणि विषय संपला. सरांचा स्वभावच तसा. ते सांगायचे, आपण लिहून घ्यायचं. माणूस वाईट नव्हे हो. माझी नोंदणी व्हावी म्हणून दोनदा स्वतः धावपळ केली त्यांनी, घरी गेलं की त्यांच्या घरच्या मॅडम जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर रागवायलाही मला फार वेळ लागला, आणि तो उशीर झाल्याचाही आता राग येतो.

तर दर रविवारी पहिली एसटी पकडून मी चोपड्याला, तिथून काळीपिवळीने गावात. साडेसातला पहिली विहीर, अकराच्या आत बारावी. एक रविवार चुकवला नाही. तापात गेले, मावसभावाची हळद सोडून गेले. चार-सहा महिन्यांच्या आकड्यांचा आलेख काढला तर काय! एका रविवारी पाणी वर, पुढच्या रविवारी खाली, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा वर. करवतीच्या दात्यांसारखी रेघ. मी तो सरांपुढे ठेवला. सर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, पायथ्याच्या दगडगोट्यांच्या थरांतून पाणी एकसारखं वाहत नाही, ते पंधरा-पंधरा दिवसांच्या झटक्यांनी येतं, हे आजवर कोणी दाखवलेलं नाही. त्याला त्यांनी तिथल्या तिथे नावही दिलं, 'पाक्षिक स्पंदन'. पावसाळ्यात ते स्पंदन थांबलं. त्यावरही सरांकडे उत्तर तयार होतं, की थर भिजून तुडुंब झालेत.

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर अहवाल ठेवावा लागतो. किती टक्के काम झालं तो आकडा, आणि खाली समितीचा शेरा, 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक'. लागोपाठ दोनदा 'असमाधानकारक' आलं की नोंदणी रद्द. पहिल्या वेळी मी पंधरा टक्के टाकले, दुसऱ्या वेळी तीस. पंधरा आणि पंधरा तीस, असंच सगळे टाकतात, म्हणून मीही टाकले. दुसऱ्या अहवालाच्या वेळी समितीचे अध्यक्ष इतके खूश झाले की म्हणाले, 'पंधरा दिवसांचं आहे ना हे? मग चंद्राशी काही संबंध लागतो का बघा. पौर्णिमा, अमावास्या.' आणि मी, भूगोलाची एम.ए., घरी येऊन कालनिर्णय काढून बसले! आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग आबा भेटले. आबा म्हणजे माझ्या सातव्या विहिरीचे मालक. केळीचं शेत, सत्तरी उलटलेली, कमरेत वाकलेले, पण जीभ ताठ. वर्षभर मला येता-जाता बघत होते. त्या दिवशी मी टेप वर ओढत असताना जवळ येऊन उभे राहिले.

'काय मोजी ऱ्हायनी माय, दर ऐतवारले?'

'पाणी मोजते, आबा. विहिरीत किती आहे ते.'

'आन् आज किती शे?'

मी आकडा सांगितला. म्हटलं, मागच्या रविवारपेक्षा बरंच खाली गेलंय. आबा खो खो हसायला लागले. हसता हसता खोकले.

'खाली जाईच ना! काल रातनी लाईट व्हती. बठ्ठास्न्या मोटरा रातभर चालन्यात, इहीर रिकामी शे. मांगना ऐतवारले दिननी लाईट व्हती, तवय रातभरमा भराई गयती. तू पानी नही मोजी ऱ्हायनी माय, तू लाईट मोजी ऱ्हायनी!'

शेतीची लाईट तिकडे एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. हे त्या गावातलं शेंबडं पोर सांगेल. रात्रीची लाईट असली की मोटरा रात्रभर उपसा करतात आणि सकाळी साडेसातला मी पोचते तेव्हा विहीर नुकतीच खरवडून काढलेली असते. दिवसाची लाईट असली की मोटरा अकरानंतर सुरू होतात, त्यामुळे सकाळी विहीर रात्रभर भरून तुडुंब. झालं आमचं पाक्षिक स्पंदन! मी मास्तराच्या घरातली, शहराच्या नळावर वाढलेली. विहिरीच्या काठावर वर्षभर उभी राहिले, आणि तिच्यातलं पाणी कोण कधी उपसतो, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. सरांना सुचलं नाही. समितीला सुचलं नाही. चंद्र सुचला!

मी तिथेच बांधावर बसले. आबांना वाटलं पोरीला चक्कर आली, त्यांनी गूळ-पाणी मागवलं. चक्कर नव्हती, लाज होती. आणि खरं सांगू? त्याच्या खाली कुठेतरी आनंदही होता, कारण पहिल्यांदाच मला काहीतरी खरं कळलं होतं.

आधी वाटलं, निम्मे आकडे तरी वाचवू. दिवसाच्या लाईटच्या आठवड्यातले ठेवू, बाकीचे टाकू. पण कोणत्या रविवारी कोणती लाईट होती हे मी लिहिलंच नव्हतं. सबस्टेशनला गेले. तिथल्या वायरमनने चहा पाजला, पण मागची नोंद धड मिळेना. मध्ये दोनदा डीपी जळलेला, तेव्हा पाळ्या उलटसुलट झालेल्या. कोणाची मोटर बंद होती, कोणी शेजाऱ्याला पाणी दिलं होतं. तीन आठवडे डोकं फोडलं आणि मग वहीवर तिरपी रेघ मारली. एकही ओळ खात्रीने ठेवण्यासारखी नव्हती.

सरांकडे जळगावला गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, सर कपाळावर हात मारतील, हसतील, म्हणतील, बरं झालं वेळेत कळलं. सरांनी माझ्या वहीतल्या तारखा एकेक करून वाचल्या. मग म्हणाले, 'माझ्या प्रबंधातली मोजमापंही रविवारचीच आहेत.' त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, 'हे बघ, शेतकरी काहीही सांगतात. तू पुढे चल. या वेळी पंचेचाळीस टाक.'

पंचेचाळीस! वर्षभराचं काम रद्द झालंय, हातात शून्य आहे, आणि पंचेचाळीस! त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी तोंडातून फक्त 'बघते सर' एवढंच निघालं, कारण समोर त्यांच्या घरचा चहा होता आणि मी तो अर्धा प्यायले होते.

अहवालात मी खरं लिहिलं. 'पूर्वीची मोजमापे सदोष आढळल्याने रद्द केली. दोषाचे कारण समजले. नवी पद्धत ठरवली. प्रगती: दहा टक्के.' ते दहासुद्धा मी कशाचे टाकले? तर चूक सापडल्याचे. माझ्या मते चूक सापडणं खरं तर पन्नासाच्या लायकीचं होतं.

खिडकीवरच्या भाऊंनी फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं, मग काचेवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. 'ताई, वाचलं नाही का?' म्हटलं, वाचलंय भाऊ, पण माझी प्रगती खरंच कमी झालीय. ते म्हणाले, कॉम्प्युटर घेतच नाही. आणि त्यांनी खरोखर मला आत बोलावून दाखवलं. दहा टाकले की चौकट लाल व्हायची. तीस टाकले, लाल. एकतीस टाकले की झाली हिरवी. 'एकतीस टाकून देऊ का?' त्यांनी हळूच विचारलं. 'एकाने कुणाचं काय जातंय?' माणूस मनापासून माझं भलं बघत होता, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. इथे भलं करायचं म्हणजेसुद्धा खोटंच लिहायचं! शेवटी त्यांनी माझा अहवाल 'विशेष बाब' म्हणून कागदावरच घेतला.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं, 'बाई, प्रगती मागे जाते का कधी?'

मी म्हटलं, 'सर, चुकीच्या रस्त्याने तीस कोस गेलेला माणूस परत फिरला, तर तो मागे गेला की पुढे आला?'

हे बोलायला नको होतं, असं बाहेर आल्यावर सगळ्यांनी मला समजावलं. अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सर खाली बघत होते. मी विजेचं वेळापत्रक काढून दाखवायला लागले, तर अध्यक्ष म्हणाले, वेळ कमी आहे, अजून अकरा विद्यार्थी बसलेत. शेरा आला: 'असमाधानकारक. विद्यार्थिनीने गांभीर्याने काम करावे.' गांभीर्याने! माझ्यानंतर जो आत गेला त्याने तिसऱ्यांदा तोच अहवाल आणला होता. स्वतः मला दाखवला होता त्याने, हसत हसत. पानंही तीच, वाक्यंही तीच, फक्त टक्के बदललेले. तो पाच मिनिटांत 'समाधानकारक' घेऊन बाहेर आला आणि मला म्हणाला, 'तुम्ही फार मनाला लावून घेता, ताई.' मी संडासात जाऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने. दोन्हीत फार फरक असतो; संतापाचं रडू घशाला चरचरतं.

पुढचे सहा महिने मी आयुष्यात पहिल्यांदा संशोधन केलं. वार आबा ठरवायचे. फोन यायचा, 'माय, उद्या ये. रातभर बठ्ठ्या मोटरा बंद ऱ्हातीन.' मग मी धुळ्याचे तास बुडवून जायची. वहीत आता नवा रकाना होता, मोटर शेवटची कधी चालली. प्रत्येक विहिरीच्या मालकाला तो प्रश्न विचारायचा आणि मगच टेप सोडायचा. त्या प्रश्नाने माणसं बोलती झाली. कोणाची विहीर शेजारच्याने बोअर मारल्यावर कशी बसली, कोणत्या बाजूने झरा येतो, कोणत्या वर्षी तळ दिसला. वर्षभर मला 'टेपवाली बाई' म्हणणारे लोक आता खाटेवर बसवून सांगू लागले. आणि नवा आलेख काढला तर करवतीचे दाते गायब. साधी रेघ. पावसाळ्यानंतर हळूहळू, निमूटपणे खाली उतरत जाणारी. तिच्यात चमत्कार काही नव्हता. पाणी जातंय, एवढंच ती सांगत होती.

चौथ्या अहवालात मी लिहिलं, पंचवीस टक्के. दहाचे पंचवीस! माझ्या हिशेबाने तर दणदणीत प्रगती. पण विद्यापीठाचा हिशेब तिसाशी होता. तीस नावाचा तो खोटा आकडा उंबऱ्यावर ठाण मांडून बसला होता आणि पंचवीस त्याच्यापेक्षा कमीच.

या वेळी बैठकीआधी सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, 'हे दुसरं असमाधानकारक आलं तर नोंदणी जाईल, कळतंय ना तुला? मी अध्यक्षांशी बोललोय. पंचेचाळीस टाक. नवी मोजमापं घे, हवं तर. पण जुनी काढू नकोस, आणि ते लाईटचं प्रबंधात लिहू नकोस. बाकी सगळं मी बघतो.' त्यांनी नवा कोरा फॉर्मही आणला होता, स्वतः सही केलेला. फक्त आकडा भरायचा बाकी.

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? वय चौतिशीच्या पुढे गेलेलं. धुळ्याच्या कॉलेजात त्याच वर्षी एक जागा निघणार अशी कुजबुज होती. अमळनेरहून पहाटे निघून तीन गावं पालथी घालायची, हे किती वर्षं चालणार? एक आकडा लिहायचा, दोन सेकंदांचं काम. मी पेनाचं टोपणही काढलं.

पण पंचेचाळीस टाकायचे म्हणजे ते स्पंदन खरं ठरवायचं. उद्या कोणी सरकारी माणूस तो प्रबंध उघडणार आणि म्हणणार, इथे तर दर पंधरा दिवसांनी पाणी वर येतं, मग चिंता कसली? आणि तिकडे पाणी दरमहा खाली उतरतंय, माझ्याच वहीत उतरतंय. माझ्या डोळ्यांसमोर आबांची विहीर आली. तिथे मी खोटी रेघ कोणत्या तोंडाने दाखवणार होते?

मी फॉर्म सरांना परत दिला. म्हटलं, 'सर, नाही जमणार.' आत गेले, पंचवीस टक्क्यांचा अहवाल ठेवला आणि दोन्ही आलेख शेजारी शेजारी मांडले. अध्यक्षांनी आलेखांवर नजरसुद्धा फिरवली नाही. टक्क्यांच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, 'मागचे तीस होते ना?' मी म्हटलं, 'सर, मागचे तीस खोटे होते, आणि त्याला तुम्ही समाधानकारक म्हणालात. हे पंचवीस खरे आहेत.' माझा आवाज चढला होता. बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेला म्हणे. जाऊ दे! इतक्या बैठका झाल्या, त्या खोलीत एकदा तरी पाण्याबद्दल मोठ्याने बोललं गेलं.

'असमाधानकारक.' महिन्याभरात नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. चार ओळींचं, त्यात माझ्या नावात चूक. पत्र हातात घेऊन मी घरात येरझाऱ्या घातल्या. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. धुळ्याची जागा निघाली आणि भरलीही गेली. ज्यांची प्रगती व्हायची त्यांची झाली.

मग एका दुपारी सरांचा फोन आला. सुरुवातीला इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, पाक्षिक स्पंदनावर त्यांनी लिहिलेला शोधनिबंध एका नियतकालिकाने घेतलाय. 'तुझं नाव दुसरं टाकलंय. नोंदणी गेली तरी नाव राहील. आनंद मान.'

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, 'सर, माझं नाव काढा.'

'अगं, मोजमापं तुझी आहेत. नाव काढलं तर ती कोणाची म्हणून लिहू?'

'तुमची म्हणून लिहा. मी ती टाकून दिलीत, तुम्हाला हवीत. खाली तुमच्या एकट्याची सही करा आणि छापा.'

मी फोन ठेवणार, तेवढ्यात सर बोलले. आवाज इतका लहान झाला होता की आधी ओळखूच आला नाही.

'मग विहिरीतलं पाणी मोजायचं तरी नेमकं कधी?'

अडीच वर्षांत सरांनी मला पाण्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. माझी नोंदणी रद्द होऊन तेव्हा चार महिने झाले होते.